पिकवणाऱ्याला मुलगी नाही

जुम्म्याची नमाज आटोपून मजीद घरी आला तेव्हा त्याची बायको सलमा भात वैरत होती. दोह्याजवळच्या अल वक्र्यातल्या त्या तीन खोल्यांत शुक्रवारी सुरमईचं कालवण आणि भात हे ठरलेलंच. आज मात्र पातेलं मोठं होतं, कारण इकबाल आणि त्याची बायको जेवायला यायची होती. मजीदचा भाचा रमीज आणि इकबालची मुलगी यांच्या निकाहची तारीख आज ठरायची होती.

रमीज कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. आठवडाभर हमद पोर्टाजवळच्या गोदामात परदेशी तांदळाची पोती हलवून त्याची पाठ मोडली होती. तिशी ओलांडलेल्या या माणसाची रायगडात खाडीला लागून भाताची खारजमीन होती, आणि तीच त्याच्या लग्नाच्या आड आली होती. मागणी घालायला जावं तिथे एकच उत्तर. पोरगा गुणाचा आहे हो, पण शेती करतो! आमच्या समाजात दुप्पट वयाचा नवरा चालतो, परदेशात नेमकं काय करतो हे कोणी विचारत नाही; चिखलात पाय असलेला तेवढा चालत नाही. ही रीत कोणी घातली कुणास ठाऊक, पाळतात मात्र सगळे. शेवटी मजीदने त्याला व्हिसा काढून दिला. भात पिकवताना जो बिनलग्नाचा राहिला, तो भाताची पोती उचलायला लागला आणि नवरदेव झाला. इकबालचा होकार लगेच आला.

पाहुणे आले, ताटं मांडली. मजीदची मुलगी सुमैया दोह्यातच जन्मलेली, धान्यसाठ्याचं काम बघणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. ऑफिसच्या दौऱ्यावर कोरियाला जाऊन ती नुकतीच परतली होती. ती मोबाईलवर फोटो दाखवू लागली. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, काठोकाठ पाणी, यंत्रावर बसलेला एक म्हातारा.

"काय झकास हाय! आपला कोकणच जसा," इकबालची बायको म्हणाली.

"दिसतं तसं, चाची. पण गावात मुलंच नाहीत. शाळा बंद पडलीय. आम्ही ज्या आजोबांकडे जेवलो ना, त्यांचा मुलगा पन्नाशीचा आहे आणि लग्नच झालं नाही. शेतकऱ्याशी कोणी करत नाही म्हणे. तिथलं सरकार फूड सिक्युरिटीसाठी तांदूळ साठवून ठेवतं, पण आजोबा म्हणाले, आमच्यामागे पेरणार कोण?"

रमीजने मोबाईल हातात घेतला. बोटांनी फोटो मोठा करून तो बराच वेळ बघत राहिला.

"बांध चांगला राखलाय," तो म्हणाला. मग मान वर न करता, "मामू, आपला बांध गेला."

सकाळीच गावाहून निरोप आला होता. खाडीचं खारं पाणी अडवणारा बांध उधाणात फुटला होता. ज्याच्या हद्दीतला बांध त्यानेच राखायचा, ही तिथली जुनी पद्धत. रमीज इथे आल्यापासून त्याच्या हद्दीकडे कोणी फिरकलं नव्हतं.

"माझ्या बाजूनं पाणी शिरला. शेजाऱ्यांची शेतं पन खारी झाली. पावसाच्या आधी बांधला नाय तर भात विसरा, तिवरं उगवतील."

"मजूर लाव," मजीद म्हणाला.

"मजूर कुठे हायत, मामू? सगळे इथेच तर आलेत."

इकबालने घास खाली ठेवला. "मग जाऊन ये महिनाभर."

"बांध महिन्याभराचा नसतो, चाचा. दरसाल बघायला लागतो. जायचा तर कायमचा."

"मग खलास." इकबालचा आवाज चढला नाही, उलट खोल गेला. "मी पोरगी गोदामातल्या रमीजला दिली, शेतातल्या नाय. माझी आई लावणी करून करून वाकली ती मरेपर्यंत सरळ झाली नाय. त्या चिखलात मी पोरीला कशी ढकलू?"

सुमैयाला राहवलं नाही. "पण चाचा, भात तर सगळ्यांनाच लागतो! प्रत्येक बापाने असंच म्हटलं तर पिकवणार कोण? हे अनफेअर आहे."

"बरोबर बोललीस. मग तू करशील? आत्याचाच पोरगा हाय, घरचा हाय. बोल."

सलमाचा डाव पातेल्यातच राहिला. सुमैयाने बापाकडे पाहिलं, मग ताटाकडे. मुलगी खोटारडी नव्हती, म्हणूनच तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"तिला नका विचारू, चाचा," रमीज उठत म्हणाला. "माझ्या बहिणीला शेतकऱ्याचा स्थळ आलेला, तेव्हा नाय म्हननारा मीच होतो. कुवेतच्या ड्रायव्हरला दिली तिला. आता कोनच्या तोंडानं रागावू?" त्याने हात धुतले. "मामू, माझा तिकीट बघा. मी जातो."

पाहुणे पान अर्धं टाकून गेले. रमीजही आपल्या कामगारांच्या कॅम्पकडे निघून गेला. सलमाने भातावर झाकण ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

सुमैया ताटं गोळा करू लागली. "अब्बा, तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत, हो म्हण."

मजीद थकल्यासारखा हसला. "बेटा, तू गप्प ऱ्हावंस म्हणून मी मनात दुवा मागत होतो."

रमीज गेला. तो आज एकटाच बांधावर माती टाकतो आहे. त्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात आणि मुलगी विचारली की सगळे घड्याळाकडे बघतात. कोठारात तांदूळ किती महिने पुरेल याचा हिशोब देशोदेशी होतो, आणि तो पिकवणारं घर पुढच्या पिढीत असेल का, हे आपण आपल्या बैठकीच्या खोलीत, सतरंजीवर बसून ठरवून टाकतो.

वाचकहो, तुमच्या घरी लग्नाची मुलगी असेल, बहीण असेल, तर इकबालचा प्रश्न तुम्हालाही आहे. उत्तराची घाई नको. भात निवतो आहे, आधी जेवून घ्या.