मावशींचे हात

पाळणाघरातल्या मावशींनी संशय कुणावर घेतला नव्हता? आधी दूधवाला, मग टाकीचं पाणी, मग भांडी घासणारी. पोरं एकामागून एक जुलाबाने आडवी होत होती, आणि सगळ्यांत धाकटी ठमी तर इस्पितळात सलाइनवर होती. डोळे खोल गेलेले, रडली तरी आसवं येत नव्हती.

"माझ्याकडचं पाणी उकळून उकळून अर्धं होतं," मावशींनी डॉक्टरबाईंना ठणकावलं. "त्या दूधवाल्याला धरा!"

डॉक्टरबाई वाद घालत बसल्या नाहीत. "पोरांच्या आतड्यांत बारीक जंतू सापडलेत. पाळणाघरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करू. तुमचीही."

"माझी? माझं पोट कधी गुरगुरलंसुद्धा नाही!" मावशी फणकारल्या, पण नमुन्याची डबी दिली.

आज निकाल आला. भांडीवाली सुटली, दूधही स्वच्छ निघालं. जंतू होते मावशींच्या पोटात.

"तुम्हाला त्रास नाही, पण ते हातांवाटे पोरांकडे जातात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोरांना भरवता कशाने?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! केळं कुस्करायचं ते बोटांनी, भरवायचं तेही बोटांनी. चमच्यात माया नसते, असं मावशीच पोरांच्या आयांना ऐकवायच्या. हात धुवायच्या, पण घाईत, नुसते नळाखाली. आणि ठमी दुसऱ्या कुणाकडून खायचीच नाही. मावशी तडक इस्पितळात गेल्या.

ठमीच्या खोलीत तिची आई चमचा घेऊन रडकुंडीला आली होती. पोरगी मीठ-साखरेच्या पाण्याचा थेंब घेत नव्हती, आणि पोटात पाणी टिकल्याशिवाय धोका टळणार नव्हता. मावशींना पाहताच ठमीने हात पसरले.

"बरं झालं आलात. तुमच्या हातून घेईल हो ती."

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "माझ्या हातूनच झालंय गं हे. जंतू माझ्या पोटात आहेत."

आईने त्यांच्याकडे पाठ फिरवली. चमचा पुढे केला. ठमीने ओठ मिटले, मान वळवली. पुन्हा, पुन्हा तेच.

मावशी दारातून हलल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "हा घोट काऊचा..."

ठमीने तोंड उघडलं.

आईने मागे वळून पाहिलं नाही. पण चमचा पुन्हा भरला, आणि थांबली.

"हा चिऊचा," मावशी म्हणाल्या.