चाळीस कलमांची रांग

माझ्या पोराच्या डोक्यातली गाठ नागपूरच्या डॉक्टरांनी काढली, आणि इकडे लोकांनी मला मारून टाकलं. ऋषिकेशचं डोकं तुळतुळीत. त्याला पाहिलं की लोक समजायचे, बाप गेला. मिशी तशीच होती, पण ती कोण बघतो? सौंसरच्या बसस्टँडवर पांढुर्ण्याचा एक संत्रा व्यापारी भेटला. ऋषीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, रामाजी फार चांगला माणूस होता. मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून शेजारीच उभा. दोन मिनिटं मी दुपट्टा काढलाच नाही. जिवंतपणी एवढं कोण बोलतं? पण पुढे तो ‘जरा खडूस होता’ म्हणाला, तेव्हा काढावाच लागला.

आम्ही दोघं बापलेक अनुराधाबाईंच्या नर्सरीत कलमं बांधतो. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चाकूने काप द्यायचा, त्यात संत्र्याचा कोंब बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. हात जरा हलला की कोंब वाळतो. ऋषी दिवसाला पाचशे कलमं बांधायचा. ऑपरेशननंतर मात्र त्याच्या उजव्या हाताच्या बोटांत जोर राहिला नव्हता. चार महिन्यांनी तो कामावर यायला निघाला तेव्हा अनुराधाबाईंनी स्पष्टच सांगितलं. यंदा कलमं फार वाळताहेत, म्हणून दोघांनीही चाळीस-चाळीस बांधा, रांगेला नावाची पाटी लावा, एकविसाव्या दिवशी पट्ट्या सोडू. ज्याची तीस लागली त्याच्या हातात चाकू, नाहीतर रोपांना पाणी द्यायचं काम. बाई मनाने चांगल्या, पण रोपांच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत, आणि इथे तर बाप मीच होतो.

पाणी देणं काही कमीपणाचं नाही. पण ऋषीने पंधराव्या वर्षी चाकू धरला, तो कधी सोडला नाही. घरी तो शेवग्याच्या फांद्यांवर सराव करत बसायचा. सूनबाई प्रतिभा मला म्हणाली, जेवायला बोलावलं तरी उठत नाहीत. मी म्हटलं, शेवगा संपला की उठेल. विनोद केला खरा, पण माझं स्वतःचंच ताट तसंच राहिलं होतं.

त्या दिवशी मी माझी चाळीस दीड तासात उरकली. ऋषी सकाळी बसला तो दुपार झाली तरी तिसाव्या रोपाशीच. दोनदा चाकू पडला. मी त्याला म्हटलं, इतक्या वेळात तर झाडाला संत्री धरली असती. तो हसला. मी मान फिरवली, कारण मला रडू येत होतं.

त्याचं आटोपलं आणि तो हात धुवायला हौदाकडे गेला. तेवढ्यात मी दोन्ही रांगांच्या पाट्यांची अदलाबदल केली. लबाडी ती लबाडीच, नाही म्हणत नाही. पण पन्नास वर्षांचा माझा हात. तो त्याच्या नावावर गेला तर कोणाचं काय जातं? माझं काय, मी देईन पाणी.

पुढचे एकवीस दिवस मी मजेत होतो. प्रतिभा माझ्याकडे बघून म्हणालीसुद्धा, मामाजींचं पोट सुटलं.

एकविसाव्या दिवशी अनुराधाबाई स्वतः पट्ट्या सोडायला बसल्या. आधी ‘ऋषिकेश’ पाटीची रांग. पहिला कोंब तपकिरी. दुसरा तपकिरी. चाळिसात हिरवे निघाले अकरा. मग ‘रामाजी’ पाटीची रांग. चाळिसात चौतीस हिरवेगार.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, पुढच्या हंगामात पाहू ऋषी. पाटीवर आपलंच नाव बघून त्याने हुज्जत घातली नाही. चाकू पुसला, मिटला, माझ्या हातात दिला आणि पाण्याचा पाइप उचलायला निघाला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

“बाई, पाट्या म्या बदलल्या,” मी म्हणालो. “हिरवी रांग त्याची होय. वाळली ते माही.”

त्यांना वाटलं, मी पोरासाठी खोटं बोलतोय. कोणालाही वाटलं असतं. मी शपथ घ्यायला निघालो तेवढ्यात ऋषी परत आला. त्याने हिरव्या रांगेतल्या सोडलेल्या पट्ट्या उचलल्या आणि बाईंपुढे धरल्या. प्रत्येक पट्टीच्या टोकाला दातांचे वण होते. बोटांत जोर नाही म्हणून त्याने चाळीसही पट्ट्या दातांनी ओढून घट्ट केल्या होत्या. मी शेजारी बसलो होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं.

बाईंनी माझ्या हातातून चाकू घेतला आणि त्याला दिला. मला पाण्याच्या पाइपाकडे बोट दाखवलं. ऋषी रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो. ‘माझ्यावर एवढाच भरवसा होता का?’ असं तो विचारेल, असं वाटत होतं. तो मात्र माझ्या रांगेशी उकिडवा बसला. एकेक काप बोटाने चाचपून पाहू लागला. कुठे कोंब तिरका बसला होता, कुठे उलटा.

“बाबा, कधीपासून दिसून नाई राहिलं तुमाले?”

मी म्हटलं, थंडी होती, रोपंच खराब होती. त्याने एक उलटा बसवलेला कोंब काढून माझ्यापुढे धरला. मग मी सांगून टाकलं की वर्ष झालं, जवळचं सगळं धूसर दिसतं. काम जाईल म्हणून घरात कोणाला बोललो नव्हतो. भीतीही वाटत होती.

“सोमवारी नागपूरले जाऊ,” तो म्हणाला. “म्या डोकं उघडू देलं. तुमी डोळे तरी दाखवा.”