घोडनवरी

सुताराच्या तोंडी दिवसभर घोडा. ज्या चार पायांच्या लाकडी आधारावर फळी ठेवून तो कापायचा, तो घोडा. काम रखडलं की ‘घोडं कुठं पेंड खातंय?’, गिऱ्हाइकानं शंका काढली की ‘घोडामैदान जवळच आहे’. माणसं हसायची, आणि ती हसली की त्याला आणखी चेव यायचा.

आई गेली तेव्हा तो शाळेत होता. थोरल्या बहिणीनं लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं, कामाला लावलं, त्याचं लग्नही करून दिलं. तिचं स्वतःचं मात्र राहूनच गेलं. चाळिशी उलटल्यावर एका बुकबाइंडरनं तिला मागणी घातली, तेव्हा सुताराला खरोखर आनंद झाला. तिच्यासाठी कपाट करायला त्यानं जपून ठेवलेलं सागवान काढलं.

बाइंडरचे भाऊ-वहिनी भेटायला आले. ताई कुठं आहेत, असं वहिनींनी सहज विचारलं.

“येईल ना,” सुतार म्हणाला, “आमची घोडनवरी आरशासमोरून हलली म्हणजे.”

वहिनी खळखळून हसल्या. ताई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं कप नीट मांडले. बोलणी झाली, लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर, गंमत केली गं, असं तो पुटपुटला. कप विसळता विसळता ती म्हणाली, “लोक म्हणतातच रे. पण मी कोणापायी थांबले, हे तुला तरी ठाऊक होतं.”

तो उठून कपाटाच्या फळ्यांना रंधा मारायला गेला. पुढं माफी मागायचं तो रोज ठरवायचा, आणि रोज उद्यावर ढकलायचा.

लग्नानंतर महिन्याभरानं तो कपाट बसवायला तिच्या सासरी गेला. दार वहिनींच्या धाकट्या मुलीनं उघडलं आणि आत वळून हाक दिली, “घोडनवरी काकू, मामा आलाय!”

“आले गं,” ताई आतून म्हणाली. नेहमीच्या आवाजात.

सुतारानं खाली बसून पोरीला हळूच समजावलं, की काकूला असं म्हणू नये.

“का? सगळे तेच म्हणतात,” पोरगी म्हणाली. “तिचं नाव आहे ते.”

तेवढ्यात ताई हात पुसत बाहेर आली आणि त्याला विचारू लागली, जेवून आलास की जेवायचंय.