'श्री.'च्या जागी 'कै.'

या बाबांनो, अंमळ जवळ सरका. आज एका अक्षराची गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा. मागाहून लाज वाटेल, तीही वाटू द्या.

एका दैनिकात एक सदरलेखक होता. रोजच्या बातम्यांना चिमटे काढायचा, म्हणून कचेरीत सगळे त्याला चिमटेकाका म्हणायचे. एके दिवशी दुपार कलली तरी काकांना विषय सुचेना. मंत्री काही बरळले नव्हते, खड्ड्यात कुणी पडलं नव्हतं. सगळं जग मुद्दाम शहाण्यासारखं वागत होतं. एवढ्यात टेबलासमोर एक म्हातारा घड्याळजी येऊन उभा राहिला.

"साहेब, मी वारलो," तो म्हणाला.

"मग बसा की," काका म्हणाले. "उभ्यानं दमाल."

घड्याळजीनं पेपर पसरला. घड्याळवाल्यांच्या सभेची बातमी होती. वरच्या ओळीत दिवंगतांना श्रद्धांजली होती, तिथलं 'कै.' छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याच्या हातून घसरून याच्या नावाआधी येऊन बसलं होतं.

"माझं काही नाही हो. पण आमची ही वृद्धाश्रमात असते. जन्मभर मुलांना शिकवलं, आता सगळं विसरते. मी तेवढा लक्षात होतो. रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवते सगळ्यांना. काल गेलो तर म्हणाली, आमचे हे गेले, आपण कोण? म्हटलं, अगं मीच! तर उशाखालचं कात्रण काढून दाखवलं. तिला छापलेलंच खरं वाटतं. चार ओळींचा खुलासा टाका साहेब. त्यात 'हयात' हा शब्द तेवढा असू द्या."

"उद्या सकाळी जिवंत करतो तुम्हाला," काकांनी शब्द दिला.

म्हातारा जिना उतरला नसेल तोच काकांनी लिहायला घेतलं. मयत माणूस स्वतःच तक्रार घेऊन कसा आला, मेल्यावरही कचेऱ्यांचे जिने कसे सुटत नाहीत... झकास उतरलं. खुलाशाची चिठ्ठी पाहून संपादक म्हणाले, "एकाच गोष्टीला दोनदा जागा? सदरात आलंय की!"

काका एक शब्द बोलते तर चार ओळी बसल्या असत्या. पण शेजारी खुलासा आला की विनोदातली हवा जाणार. काका गप्प राहिले.

सकाळी गाव पोट धरून हसलं. कौतुकाचे फोनवर फोन. अकरा वाजता घड्याळजी आला. गालावर नखांचे ओरखडे.

"वाचलं तिनं," तो म्हणाला. "बाकीच्या बायका हसल्या, ही नाही हसली. मी दारात दिसलो तशी किंचाळली. म्हणे, मेलेले हिंडतात, पेपरातच आलंय."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः समोर बसून खुलासा लावून घेतला. चौकटीत, जाड अक्षरात, नाव-पत्त्यासकट. दुसऱ्या दिवशी घड्याळजीबरोबर वृद्धाश्रमातही गेले. दोघं दाराआड उभे राहिले. आत बाईंनी चष्मा पुसला आणि चौकट दोनदा वाचली.

"याच नावाचे दुसरे कुणी गृहस्थ दिसतात," त्या शेजारणीला म्हणाल्या. "हयात आहेत. नशीबवान हो त्यांची बायको!"

काकांनी घड्याळजीचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला, केसांवरून हात फिरवला आणि आत गेला. आदल्या दिवशीचं किंचाळणं बाई विसरल्या होत्या.

"बाई, मी तुमच्या यजमानांचा मित्र. कळलं, म्हणून भेटायला आलो."

"बसा. ओळखत होता त्यांना?"

"थोडंफार."

"फार चांगले होते," बाई म्हणाल्या. "तुमच्याहून उंच होते जरा."

तेव्हापासून तो रोज जातो. रोज नव्यानं ओळख सांगतो, रोज स्वतःच्या जाण्याचं दुःख ऐकून येतो. काकांचं सदर अजून चालू आहे, आणि चांगलं चालू आहे.

तर बाबांनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या घड्याळजीला आठवा. नाव ठाऊक नाही म्हणून अडू नका. त्या बाईंचा नवरा, एवढंच म्हणा. आता तसं म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.