एकही टवका नको

सासुरवास फक्त बायकांनाच असतो असं ज्याला वाटतं, त्याने पेंटरच्या जागी चार दिवस राहून बघावं. पेंटर म्हणजे भिंती रंगवणारा नव्हे, गाड्यांचा. शहरातल्या एका गॅरेजमध्ये बारा वर्षं हातात स्प्रे-गन धरलेला माणूस. आणि आता घरजावई. सासऱ्यांचं खडी फोडायचं क्रशर, क्रशरला लागून घर, घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सहा किलोमीटर खडीची वाट, आणि त्या वाटेने रोज ये-जा करणारी सासऱ्यांची गडद निळी पिकअप. पेंटरचं सगळं जग एवढ्यातच.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. जन्मभर दगड फोडून पोट भरलेला हा माणूस, पण पिकअपच्या रंगाला एक खडा लागला की याचा जीव अर्धा व्हायचा. वाटेवर डांबर टाका म्हणावं, तर म्हणणार, "घरची खडी असताना डांबर कशाला?" घ्या! खडी यांची, भीतीही यांचीच, आणि निस्तरायचं जावयाने.

दर शनिवारी पाचच्या सुमाराला, उन्हं तिरपी झाली की अप्पा खडू घेऊन बाहेर यायचे. तिरप्या उन्हात बारीकसा टवकाही लपत नाही, हे त्यांना पेंटरनेच सांगितलं होतं, लग्न ठरत असताना, छाप पाडायला म्हणून. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय? अप्पा वाकून गाडीभोवती फेरी मारायचे, रंगाचा टवका उडालेला दिसला की त्याच्याभोवती खडूने गोल काढायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "जावईबापू, हा बघा." बस्स, एवढंच. ओरडणं नाही, पाणउतारा नाही. ओरडले असते तर उलटून बोलता तरी आलं असतं. 'जावईबापू' म्हणणाऱ्यावर माणूस चिडणार तरी कसा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

लग्नानंतर अप्पांनी "नवी गाडी आहे, चार महिने तेवढी नजर ठेवा" म्हणून ठेवून घेतलं होतं. त्याला चार वर्षं झाली.

मग एक दिवस उस्तादचा फोन आला. उस्ताद म्हणजे ज्याच्या हाताखाली पेंटर रंग शिकला तो गॅरेजवाला. "माझे हात थरथरायला लागलेत रे," तो म्हणाला. "गॅरेज तू चालव. वरच्या दोन खोल्याही रिकाम्या आहेत, बायकोला घेऊन ये. पण पुढच्या एक तारखेला यायचं. नाही आलास तर दुसरा माणूस तयार आहे, मग माझ्याकडे तोंड वर करून बघायचं नाही."

बायको शेजारीच कपडे घडी करत होती. तिने सगळं ऐकलं.

"अप्पांशी बोला," ती म्हणाली. "मी बोलले तर ते माझ्या डोक्यावरून हात फिरवतील आणि विषय संपेल."

"बोलतो. योग्य वेळ बघून."

"अहो, या खडीतून सुटायला मी तुमच्याशी लग्न केलं. आणि तुम्हीच आत येऊन बसलात."

या वेळी पेंटरने खरंच धीर केला. अप्पा जेवून अंगणात बसले होते, तिथे जाऊन त्याने सांगून टाकलं. अप्पांनी बराच वेळ दात कोरले.

"जा की. मी कुठे अडवलंय?" ते म्हणाले. "फक्त एक महिना मला गाडीवर एकही टवका पडलेला दिसू नये. म्हणजे माझ्या जिवाला घोर राहणार नाही. मग खुशाल जा."

ऐकायला किती सोपं! पेंटर आत आला तो जिंकल्यासारखा. बायको फक्त "बघू" म्हणाली.

मग तो कामाला लागला. आधीचे सगळे टवके त्याने भरून, घासून, रंगवून काढले. गाडी तीन वेळा धुतली, बोट फिरवून एक कणही लागेनासा झाला तेव्हाच बॉनेटवर आणि चाकांवरच्या कमानींवर पारदर्शक फिल्म चढवली. फिल्मखाली कण राहिला तर तो आतल्या आत पॉलिश पेपरसारखा रंग खातो. क्रशरचा जुना रबरी पट्टा कापून चारी चाकांमागे रुंद मडफ्लॅप लावले. मुठीत जीव धरून गाडी चालवायची ती पंधराच्या वेगाने, एक किलोमीटरही जास्त नाही. समोर खडीचा ट्रक दिसला की बाजूला घेऊन उभं राहायचं, धूळ पूर्ण बसेपर्यंत. एकदा तर बायको वैतागून उतरली, चालत डांबरी रस्त्यापर्यंत गेली आणि तिथे दगडावर बसून त्याची वाट बघत राहिली. "आलात? मला वाटलं निवृत्त होऊनच याल," ती म्हणाली.

पहिला शनिवार कोरडा गेला. दुसराही. तिसऱ्या शनिवारी अप्पांनी खडू खिशातून काढलासुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर पेंटरला आता यात गोडी वाटायला लागली होती. कुठल्या वळणावर खडी सैल आहे, कुठे चाक कडेच्या घट्ट मातीवरून काढायचं, सगळं त्याला पाठ झालं. झोपेतसुद्धा तो ती वाट चालवायचा. हे त्याने बायकोला सांगितलं नाही. ती रोज रात्री थोडं थोडं सामान बांधत होती आणि वरच्या दोन खोल्यांना खिडक्या किती असतील ते विचारत होती.

चौथा शनिवार उजाडला तो महिन्याचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी एक तारीख.

पाचला अप्पा बाहेर आले. एक फेरी मारली. चष्मा पुसून दुसरी मारली. गुडघे टेकून खालून पाहिलं. एकही टवका नव्हता. दारात बायको दोन बॅगा घेऊन उभी होती, एक तिची, एक त्याची.

अप्पा उठले आणि त्यांनी पेंटरच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं.

"जावईबापू, अशी गाडी राखणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर हिच्याकडे कोण बघणार हो? आणखी एकच महिना थांबा. कुणाला तरी शिकवा, तयार करा, मग जा."

'अप्पा, उद्या एक तारीख आहे.' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. महिनाभर तो याच दिवसासाठी राबला होता. पण चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या हाताचं कौतुक केलं होतं, आणि ते ऐकून हा माणूस लोण्यासारखा विरघळला.

"बरं," तो म्हणाला.

त्याची बॅग बायकोने तिथेच पायरीवर ठेवली. स्वतःची उचलली, पिकअपमध्ये टाकली आणि पेंटरसमोर हात केला. "किल्ली द्या." त्याने दिली. क्रशरवर वाढलेली पोरगी ती, दहा चाकी ट्रकसुद्धा चालवायची.

"अप्पा, गाडी उस्तादांच्या गॅरेजपाशी लावते," ती म्हणाली. "उद्या माणूस पाठवून आणा."

"अगं पण, ऐक तरी..."

तिने इंजिन चालू केलं, मग वाकून पलीकडचं दार आतून उघडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"बसताय?"

दार तीन पावलांवर होतं. पेंटर दोन पावलं पुढे गेला. त्याची नजर दारावरून खाली घसरली, आणि त्याला कळायच्या आत तोंडातून शब्द निघून गेले.

"हळू ने हं. दाराखाली फिल्म नाहीये."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, आता ही हसेल. तिने दार ओढून घेतलं.

गाडी सुटली ती साठच्या वेगाने. चाकांखालची खडी उधळली आणि पत्र्यावर ताडताड वाजायला लागली. अप्पांनी डोळे गच्च मिटले. पेंटर मान वाकडी करून ऐकत होता. हा दाराखाली, हा मागच्या कमानीवर, हा पुन्हा दाराखाली. गाडी वळणाआड गेली, आवाज थांबला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्या गाडीतून आपली बायको गेली.

"किती लागले असतील हो?" अप्पांनी डोळे न उघडता विचारलं.

पेंटरला आकडा माहीत होता.