देवीला वास येतो

सदानंदशेठने देवळाला संगमरवर बसवला आणि त्याला अचानक मासळीचा वास यायला लागला. इतकी वर्षं दोन ट्रॉलरचा मालक म्हणून अर्नाळ्यात मिरवला, तेव्हा नाक कुठे ठेवलं होतं कोण जाणे! देवळाशेजारच्या मोकळ्या जागेत आशालता आणि पाच-सहा बाया बांबूच्या वलांड्या बांधून त्यांवर बोंबील सुकवायच्या. शेठच्या कमिटीने तिथे पाटी ठोकली: 'पवित्र परिसरात मासळी सुकवण्यास सक्त मनाई.' होळी झाली की वलांड्या उखडायच्या, असंही ठरलं.

आशालता हात जोडून गेली होती. नवरा दर्यात बुडून गेलेला, दोन मुली शिकणाऱ्या, आणि बोंबील टांगायला दुसरी जागा नाही. शेठ गोड हसून म्हणाला, "माजं काय म्हननं नाय गो. पन देवीला वास सहन होत नाय."

रडून उपयोग नव्हता. रडणाऱ्या बाईला कमिटी खुर्ची देते, पाणी देते, जागा तेवढी देत नाही. आशालता घरी आली ती संतापानेच, आणि संताप जरा निवल्यावर तिला चक्क हसू फुटलं.

शिमग्याला गावात सोंगं निघतात. सोंगाने कुणाचीही टर उडवावी आणि ज्याची उडेल त्याने समोर बसून हसावं, अशी रीत. आजवर सोंगं पुरुषच काढत. यंदा धुळवडीच्या संध्याकाळी आशालता शेठ होऊन उभी राहिली: झुळझुळीत झब्बा, काजळाची मिशी, गळ्यात पिवळ्या दोरीची जाड साखळी. शेजारची रीमा हिरवं लुगडं नेसून देवी झाली. खरा शेठ पहिल्या खुर्चीत बसला होता.

सोंगातली देवी देवळाच्या पायरीशी आली. सोंगातल्या शेठने नाक दाबलं.

"ओ बाय, मागं व्हा! वास येतो तुमचा."

"अरं, देऊळ माजाच हाय."

"असंल. पन तुमी कोलीन. आता इथं संगमरवर हाय."

लोक खो खो हसले. मग आशालता हुंगतच सुटली. फरशी हुंगली: "ट्रॉलरचा वास!" दानपेटी हुंगली: "सुरमईचा!" शेवटी खऱ्या शेठच्या गळ्यातली साखळी हुंगली आणि धाडकन मागे पडली: "पापलेट! बाहेर काढा याला!"

शेठ रीतीप्रमाणे हसत होता, पण कान लालेलाल झाले होते. तेवढ्यात त्याची म्हातारी आई बायांतून उठली. त्याच वलांड्यांवर बोंबील टांगून तिने याला वाढवला होता. तिने आपला सुरकुतलेला हात त्याच्या नाकासमोर धरला.

"माजा हात हुंग रं, सदा. मी देवलात येव का नको?"

हसणं थांबलं. शेठने आईचा हात धरला आणि मान खाली घातली.

"ऱ्हाव द्या वलांड्या," तो पुटपुटला.

"आमाला नको सांगू, शेठ," आशालता म्हणाली. "वास जिला येत होता, तिला सांग."

सगळं गाव बघत होतं. शेठ उठला, रीमापुढे उभा राहिला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, "आई, चुकलं."

रीमा क्षणभर गांगरली. मग तिने हात उंचावला. "उद्या बोंबील टांगाला ये, पोरा."

अख्खं पटांगण दणाणलं. आशालता हसता हसता रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेठ काही आला नाही. त्याने पाटी काढायला माणसं पाठवली. ती पोचली तेव्हा त्याची आई पदर खोचून वलांडीपाशी उभी होती आणि जोडीजोडीने बोंबील टांगत त्यांच्यावरच ओरडत होती, "सावलीत उभं ऱ्हाऊ नका रं, ऊन आडवताय माजं!"