खांद्याला भोक पडलेली बाटली

मित्रांनो, मी पलटणीतली जुनी पाण्याची बाटली आहे. अंगावरचा निळा मुलामा उडालाय आणि खांद्याला भोक आहे, म्हणून पाणी माझ्यात त्या भोकापर्यंतच राहतं. हसायचं असेल तर आधी ऐकून घ्या, मग हसा.

कारखान्यातून निघाले ती थेट सिद्दी मरजानच्या कमरेला लागले. मरजान मुरूडकडचा. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, पण बोलणं तुमच्याआमच्यासारखं मराठी. रंग तव्यासारखा काळा, केस कुरळे, खांद्यावर बंदूक. दुसऱ्या महायुद्धात आम्ही दोघं वाळवंटात लढलो.

तिथं एका दुपारी दुसऱ्या तुकडीतला शिपाई दोन्हीकडच्या खंदकांच्या मधोमध जखमी होऊन पडला. पाणी, पाणी करत होता. गोळ्या अशा सुटत होत्या की कुणाची मान वर होईना. मरजाननं मला तोंडोतोंड भरलं आणि वाळूवर पोटानं सरपटत निघाला. वाटेत तोफगोळ्याची कपची आली आणि माझा खांदा फाडून गेली. पाणी गळायला लागलं, तसा त्यानं भोकावर अंगठा दाबला. तापलेल्या पत्र्यानं कातडं भाजलं, तरी काढला नाही. स्वतः एक घोट घेतला नाही. जखमीला पाजलं, पाठीवर घातलं आणि परत आणलं. मी पडले पत्र्याची, मला रडता येत नाही. पण तो अंगठा आठवला की आजही थरारते.

साहेबानं विचारलं, ह्याला आणलं कुणी? जखमी बेशुद्ध. कुणीतरी म्हणालं, होता एक हबशी पाणक्या. झालं, तेच कायम झालं. मरजानचा रंग सगळ्यांना दिसला, बंदूक तेवढी दिसली नाही. गावातही लोक त्याला पाणक्या म्हणत. तो गप्प राहिला आणि तसाच गेला. गप्प राहिली नाही ती त्याची लेक नूरी.

मुलानं, रियाजनं, तिला कतारला बोलावलं तेव्हा कपड्यांआधी तिनं मला बॅगेत घातलं. पण तिथं मुऐदर भागातल्या घरात सूनबाई अफशांनं माझ्यात प्लास्टिकची फुलं खोचली. नूरी दर जुम्म्याला ती उपसून टाकायची.

"ही फुलदाणी नाही. माझे बावा शिपाई होते."

"अम्मी, खलास, बस झालं. पुरावा कुठंय?" रियाज वैतागायचा.

"आरशात बघ. ते बावांचे केस काय दुकानातून आणलेस?"

पण रात्र झाली की मला पुसताना ती हळूच म्हणायची, मी मरायच्या आत कुणीतरी बावांना शिपाई म्हणू दे.

यंदाच्या रमजानात रियाजच्या कंपनीतला देवव्रत इफ्तारला आला. नाशिकचा, राहायला कतारातच, अल खोरला. खजूर झाल्यावर त्यानं नूरीला पाणी ओतून दिलं. जग धरताना अंगठा जगच्या खांद्यावर घट्ट दाबलेला.

"असं का धरतोस, बाबा?" नूरीनं विचारलं.

देवव्रत हसला. "आमच्या घरात सगळेच असं धरतात, आजी. पणजोबांनी लावलेली सवय. लढाईत त्यांना एकानं पाणी पाजलं, तेव्हा बाटलीच्या भोकावर त्याचा अंगठा होता. सिद्दी शिपाई होता म्हणे. पणजोबा जन्मभर त्याचं नाव शोधत राहिले."

नूरी उठली. फुलं उपसली आणि मला त्याच्या हातात दिलं. मित्रांनो, त्याचा अंगठा आपसूक माझ्या भोकावर जाऊन बसला. ऐंशी वर्षांनी. अफशांच्या हातातली भज्यांची थाळी तशीच राहिली.

"मरजान," नूरी म्हणाली. "नाव लिहून घे."

दोन्ही घरांनी पलटणीला कळवलं. गेल्या महिन्यात तिथल्या स्मृतिदिनाला नावं वाचली, ती सगळ्यांनी रियाजच्या फोनवर ऐकली. शिपाई सिद्दी मरजान. रियाज उठून उभा राहिला. नूरीनं त्याला तेवढं एकदा परत लावायला सांगितलं.

आता माझ्यात फुलं नाहीत. अफशां स्वतः मला पुसते. मित्रांनो, घरातली फुटकी वस्तू फेकण्याआधी तिच्या भोकावर एकदा बोट ठेवून बघा. तिथं आधी कुणाचं बोट होतं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि ते सांगायला लागले की मध्ये बोलू नका.